डोंगर कुणाच्या खात्यात येतो?

जून उजाडला की कोकणातल्या डोंगरउतारावरच्या वाड्यांत एक कागद येतो. तलाठी किंवा ग्रामसेवक तो घरोघर देतात, सही घेतात, एक प्रत देवळाच्या दाराला चिकटवतात. मजकूर साधारण ठरलेला असतो: आपली वाडी दरडप्रवण क्षेत्रात येते, अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. पावसात कागद भिजतो, शाई फुटते, गणपती येईपर्यंत तो गळून पडतो. पुढच्या जूनला नवा येतो.

संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या वाडीत काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात घरांच्या वरच्या अंगाला जमीन फाटली. मामाने भेगेत कोयता घालून पाहिला, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. भेग सरळ नव्हती, चंद्रकोरीसारखी वाकत गेली होती. वाडीने अर्ज केला. एका कार्यालयात सांगितलं, "आम्ही खनिजाचं बघतो." दुसरीकडे सांगितलं, "आम्ही पाण्याचं बघतो. पण वरून पत्र आलं तर येऊ." तिसऱ्या ठिकाणी अर्जावर शिक्का मारून मिळाला, बाकी काही नाही. परत येताना एसटीत मामा मला म्हणाला, "बाय, डोंगर कुणाच्या खात्यात येतो गं?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. नंतर शोधत गेले, माणसांना भेटले, वाचलं. मामाला जे सांगितलं तेच इथे नीट लावून लिहिते आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत हा प्रश्न पडलेले खूप मामा आहेत.

## "जिऑलॉजीवाले" नावाचं एक खातं नाही

आधी एक गोंधळ बाजूला करू. "सर्व्हे" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोजणीवाले येतात. ते जमिनीची हद्द दाखवतात. डोंगर-नद्यांचे नकाशे, ज्यांना टोपोशीट म्हणतात, ते बनवणारी संस्था वेगळी: डेहराडूनची सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ सालची. भूवैज्ञानिकाचं काम हद्दीचं नाही, हद्दीखालचं असतं. पायाखाली कोणता खडक आहे, तो किती कुजलाय, त्यातून पाणी कसं वाहतं, त्यात कामाचं खनिज आहे का, तो जागेवर राहील का, हे तो पाहतो.

हे काम करणाऱ्या मुख्य संस्था तीन.

सगळ्यात जुनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय. १८५१ साली कंपनी सरकारच्या काळात, मुख्यतः कोळसा शोधायला ती उभी राहिली. थॉमस ओल्डहॅम तिचे पहिले प्रमुख. मुख्यालय तेव्हापासून कोलकात्याला. आज ती केंद्राच्या खाण मंत्रालयाखाली आहे. देशात तिचे सहा विभाग आहेत, त्यातला आपला मध्य विभाग नागपूरहून चालतो आणि महाराष्ट्राचं काम पाहणारं कार्यालय पुण्यात आहे. आपल्या समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारी तिची शाखा मंगळुरूला आहे. खडकांचे नकाशे, खनिजांचा शोध आणि २००४ पासून देशभरातल्या दरडींच्या अभ्यासाची मुख्य जबाबदारी तिच्याकडे आहे.

दुसरी संस्था राज्याची: भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय. मुख्यालय नागपूर. नावात भूविज्ञान आधी येत असलं तरी रोजचं काम खनिजाभोवतीच फिरतं. सिंधुदुर्गात रेडीचं लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका वाळू, रत्नागिरी-रायगडच्या सड्यांवरचं, म्हणजे सपाट कातळमाथ्यांवरचं बॉक्साइट, आणि आपल्या घराघराला लागणारा चिरा, म्हणजे कापलेला जांभा दगड. जिल्हाधिकारी कार्यालयात बसणारे जिल्हा खनिकर्म अधिकारी या बाजूचे. जांभा, काळा दगड, वाळू, माती यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात, त्यांचे परवाने आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, जिल्हा पातळीवर बघितलं जातं.

तिसरीही राज्याचीच: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. लोक तिला "भूजल"च म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाच्या दिवसांत ती उभी राहिली. मुख्यालय पुणे, खातं पाणीपुरवठा आणि स्वच्छता. विहिरीची जागा दाखवणं, बोअर मारणं, ठरावीक निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पाण्याची पातळी मोजणं ही तिची कामं. जिल्ह्यात तिचे प्रमुख वरिष्ठ भूवैज्ञानिक असतात.

याखेरीज खाणींची तपासणी करणारं नागपूरचं भारतीय खाण ब्युरो आहे, केंद्राचं भूजल मंडळ आहे. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला जे धक्के बसत राहिले, ते मोजणारं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र तर तिसऱ्याच मंत्रालयाचं. म्हणजे डहाणूच्या धुंदलवाडीत भिंतीला तडा गेला तर एक खातं, मामाच्या डोंगराला गेला तर दुसरं.

शिमग्यात पालखी निघते तेव्हा कुणाचा काय मान हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. खांदा कुणी द्यायचा, निशाण कुणी धरायचं, सगळ्यांना पाठ असतं. या संस्थांचंही तसंच आहे. प्रत्येकीचा मान ठरलेला, प्रत्येक जण आपला मान चोख बजावतो. जिल्ह्यात भूवैज्ञानिक शोधायला निघालात तर तुम्हाला दोन दारं सापडतील, एक खनिजाचं आणि एक पाण्याचं. दरडीचं दार जिल्ह्यात नाही. ते पुण्याला, नागपूरला, कोलकात्याला आहे.

## पाण्याचा माणूस दरडीला कसा?

मामाला "आम्ही पाण्याचं बघतो" असं उत्तर मिळालं तेव्हा मलाही वाटलं होतं की आपण चुकीच्या दारात आलो. पण प्रत्यक्षात जिल्हाधिकारी दरड पाहायला बऱ्याचदा भूजलच्याच भूवैज्ञानिकाला पाठवतात. एक कारण साधं आहे, खडकातलं कळणारा माणूस जिल्ह्यात तोच हाताशी असतो. दुसरं कारण खोल आहे आणि ते कळण्यासाठी आपला डोंगर आतून बघायला हवा.

सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. थर घट्ट काळ्या दगडाचा, पण दोन थरांच्या मधे काही ठिकाणी मऊ तांबडी पट्टी असते. वरचा दगड ऊन-पावसाने कुजून त्याची माती होते आणि ती उतारावर गोधडीसारखी पसरलेली असते. किनाऱ्याकडच्या सड्यांवर याच दगडाचा जांभा झालाय.

जांभ्याचं पोट बघायचं असेल तर चिरेखाणीत उतरा. वर पाच-दहा हात चिऱ्याचा थर, भोकाभोकांचा, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा. मशीन खाली खाली जातं आणि एका पातळीला चिरा संपतो. तिथे पांढरी, पिवळी, जांभळट माती लागते. काही भागांत तिला शेडी म्हणतात. अंगठा दाबला तर ठसा उमटतो. पाणी टाकलं तर वरच्यावर राहतं.

चिऱ्यात पाणी भराभर मुरतं, शेडीत मुरत नाही. मग ते शेडीच्या पाठीवरून आडवं वाहत जातं आणि उताराला कुठेतरी पाझर होऊन बाहेर पडतं. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर का लागतो, याचं मोठं कारण हेच आहे. पाणी आत थांबत नाही, पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, खाडीला जाऊन मिळतं.

आता हेच पाणी उतारावरच्या मातीत बघा. माती वरून पाणी पिते, खाली घट्ट दगड किंवा शेडी असल्याने ते अडतं. किनाऱ्यावर पोरं वाळूचा किल्ला करतात तेव्हा थोडं पाणी लागतंच, ओलाव्याने वाळू धरून राहते. पण तेच पाणी जास्त झालं की कणाकणात शिरून कणांना दूर ढकलतं आणि किल्ला बसतो. डोंगराची माती अशीच बसते, फक्त खाली घरं असतात. दोन-तीन दिवस सलग मुसळधार पडलं की धोका वाढतो तो यामुळे. पहिल्या दिवशी माती पिते, तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात जागा उरत नाही.

म्हणजे विहिरीला पाणी कुठे लागेल आणि डोंगर कुठे सुटेल, हे दोन्ही प्रश्न एकाच पाण्याचे आहेत. भूजलचा भूवैज्ञानिक हा दरडीसाठी योग्य माणूस आहे. फक्त त्याच्या वर्षाच्या कामात बोअर, टंचाई आराखडा, निरीक्षण विहिरी आधी येतात आणि दरड पत्र आलं तरच येते.

## "सर्व्हे झालाय" म्हणजे किती बारीक?

२०१४-१५ पासून जीएसआयने देशातल्या डोंगराळ भागाचा दरडप्रवणता नकाशा करायला घेतला. दरडप्रवणता म्हणजे एखादा उतार त्याच्या खडकामुळे, मातीमुळे, चढामुळे, पाण्यामुळे सुटण्याकडे किती झुकलेला आहे. जास्त, मध्यम, कमी अशा तीन रंगांत हा नकाशा असतो. देशभरात सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर भाग त्यात धरला होता, त्यातला सुमारे ९० हजार पश्चिम घाट आणि कोकणातल्या डोंगरांचा. मोठं काम आहे, आणि ते कुणी हलक्यात घेऊ नये.

पण हा नकाशा १ ला ५० हजार या प्रमाणावरचा आहे. मी एका दुपारी हाच हिशेब मामाच्या ओटीवर बसून केला. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. मामाची वाडी या टोकाच्या फणसापासून त्या टोकाच्या विहिरीपर्यंत शंभर मीटर असेल, म्हणजे नकाशावर दोन मिलिमीटर. मी पेन्सिलीचं टोक टेकवलं तर सगळी वाडी त्याखाली झाकली गेली. मामाने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "आणि भेग?" भेग चाळीस पावलांची. ती त्या टोकाच्याही आत.

नकाशा खोटा नाही. त्याचं काम कोणत्या डोंगररांगेकडे आधी जायचं हे सांगणं आहे. अमुक घर राहील का, हे सांगण्यासाठी १ ला १ हजार किंवा २ हजार या प्रमाणावर जागेची पाहणी लागते. १ ला १ हजारवर तीच वाडी दहा सेंटिमीटरची होते, घर दिसतं, भेग दिसते, पाझर दिसतो. ती पाहणी माणसाने चालतच करावी लागते आणि ती सगळ्या वाड्यांची झालेली नसते. "सर्व्हे झालाय" असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा: कोणत्या प्रमाणावर? नकाशाचा की जागेचा?

## "आमचं नाव यादीत नाही, मग आम्हाला कसली भीती?"

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर समाजाची वाडी. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारने स्वतः विधिमंडळात सांगितलं.

हे वाचून यादी करणाऱ्यांवर राग येणं साहजिक आहे. मलाही आला. पण यादी कशी तयार होते ते समजलं की राग जरा योग्य जागी जातो. या याद्या बऱ्याच अंशी पूर्वी कुठे दरड आली, कुठून तक्रार आली, कुठे पाहणी झाली यावर उभ्या राहतात. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या, त्यानंतर गावं यादीत आली. २०१४ मध्ये माळीण झालं, १५१ माणसं गेली, पुन्हा पाहण्या झाल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये झालं, ऐंशीहून अधिक माणसं गेली, पुन्हा यादी वाढली. ज्या वाडीने कधी तक्रार केली नाही, जिथे चालतच जावं लागतं, जिथून अर्ज लिहून देणारं कुणी नाही, ती वाडी यादीत उशिरा येते.

म्हणून यादीत नाव असणं ही माहिती आहे. नाव नसणं ही माहिती नाही, कदाचित तिथे अजून कुणी गेलेलंच नाही.

## "दिवस-वेळ सांगता येत नाही, तर या विज्ञानाचा उपयोग काय?"

हा आक्षेप मी फार वेळा ऐकला आहे आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या खलाशांकडे आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा बार असतो. तांडेलाला विचारा, अमुक दिवशी बोट आपटेल का, तर तो सांगू शकणार नाही. पण बार कुठे आहे, कोणत्या भरतीला, कोणत्या वाऱ्यात तिथून बोट घालायची नाही, हे तो ठाम सांगेल. आणि त्या वाऱ्यात तो बोट घालणारच नाही. उताराचं ज्ञान याच प्रकारचं आहे: जागा कळते, परिस्थिती कळते, क्षण कळत नाही.

परिस्थितीवरून इशारा द्यायची सुरुवातही झाली आहे. जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झालं, सोबत 'भूसंकेत' हे संकेतस्थळ आणि 'भूस्खलन' हे मोबाइल अ‍ॅप आलं. पावसाचा अंदाज आणि उताराची प्रवणता एकत्र करून रोजचं पत्रक काढायचं, अशी ती पद्धत. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरीपासून झाली.

पण कोकणात याहून जवळचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर धावतं आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांवर कोकण रेल्वेची गाडी आदळली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. त्यानंतर रेल्वेने डोंगरकापांवर जाळ्या लावल्या, उतार कमी केले, पावसाळ्यात रुळांवर अहोरात्र गस्त ठेवली, काही स्थानकांवर पर्जन्यमापक बसवले. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं झालं. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर गाडी चाळीसच्या वेगाने चालवायची, असा नियम आला. रेल्वेलाही दरडीची वेळ कळत नाही. पण प्रत्येक धोक्याच्या कापावर कुणाची नजर आहे, पाऊस वाढला की कुणी कुणाला कळवायचं आणि कळवल्यावर काय करायचं, हे ठरलेलं आहे. उक्षीच्या बोगद्यातून जाताना मला हे नेहमी आठवतं. खाली रुळांसाठी माणूस नेमलेला आहे, वरच्या वाडीसाठी नाही.

## सांगणारा एक, ठरवणारा दुसरा

मामाच्या वाडीत अखेर भूवैज्ञानिक आल्या, पण पाऊस संपल्यावर, भात कापणीला आलेलं असताना. त्यांचं काम बघण्यासारखं होतं. भेगेकडे त्या सगळ्यात शेवटी गेल्या. आधी झाडं पाहिली. बुंधा खाली वाकलेला आणि मग वर सरळ झालेला, असं झाड दिसलं की थांबायच्या. उतार वर्षानुवर्षं सावकाश सरकतो आहे आणि झाड दरवर्षी स्वतःला सरळ करतं आहे, असा त्याचा अर्थ. मग पाझरापाशी बसल्या आणि विचारलं, पावसात पाणी गढूळ येतं का, जागा बदलली का. मग खाली गेल्या, जिथे पाखाडीचा रस्ता रुंद करायला जेसीबीने उताराचा पायथा उभा कापला होता. तिथे बराच वेळ थांबल्या. भरलेल्या पोत्यांची थप्पी असते, तिच्यातलं सगळ्यात खालचं पोतं काढल्यावर काय होतं, हे मामाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. भेगेच्या वरून चर काढून पावसाचं पाणी बाजूच्या पऱ्याला वळवा. भेग मातीने चोपून बुजवा, पाणी आत जाऊ देऊ नका. पायथा आणखी कापू नका. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग आम्ही जुलैत इथे राहायचं की नाही?" त्या म्हणाल्या, "मी अहवाल जिल्हाधिकारी साहेबांना देईन. स्थलांतर सांगायचा अधिकार मला नाही."

ही टाळाटाळ नव्हती, कायद्याची रचनाच अशी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. भूवैज्ञानिक सल्ला देतो, हुकूम जिल्हाधिकारी देतात, नोटीस तहसीलदारांमार्फत येते, पुनर्वसनाची जागा आणि पैसे आणखी वरून. ज्याला डोंगर कळतो त्याच्याकडे अधिकार नाही, आणि अधिकार असलेल्याने डोंगर पाहिलेला नसतो. दोघांमध्ये एक अहवाल असतो. तो किती दिवसांत पोचतो, त्यात "धोका आहे, या दहा घरांना, इतका पाऊस झाल्यावर" असं स्पष्ट लिहिलेलं असतं की "आवश्यक ती दक्षता घ्यावी" असं, यावर माणसांचा जीव अवलंबून असतो.

## वरच्या खुर्चीत शास्त्रज्ञ हवा की प्रशासक?

या विषयावर बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, "वर भूवैज्ञानिक बसवा, सगळं सुरळीत होईल." जरा थांबून बघू.

जीएसआयचे महासंचालक सहसा त्याच संस्थेत हातोडी घेऊन सुरुवात केलेले असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा, मग भूवैज्ञानिक, वरिष्ठ भूवैज्ञानिक, अधीक्षक भूवैज्ञानिक, संचालक, उपमहासंचालक, विभागाचे अतिरिक्त महासंचालक आणि शेवटी महासंचालक. अशी शिडी चढायला नोकरीची सगळी वर्षं जातात. स्थापनेला शंभर वर्षं होत आली तेव्हा, १९५१ मध्ये, एम. एस. कृष्णन हे पहिले भारतीय संचालक झाले, तेही याच शिडीने. अशा माणसाला खडक कळतो. पण महाडच्या प्रांताला त्याचा फोन जात नाही.

भूजल यंत्रणेच्या प्रमुखपदी आयुक्त असतात, आणि अलीकडे ते प्रशासकीय सेवेतले असतात. त्यांचा फोन कुठेही लागतो. खडकासाठी त्यांना हाताखालच्यांवर विसंबावं लागतं.

दोन्ही रचनांत काही मिळतं, काही सुटतं. माझं मत विचाराल तर वरची खुर्ची ही दुसरी गोष्ट आहे. खरा प्रश्न मधल्या खुर्चीचा आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत 'राज्य भूवैज्ञानिक' असं एक पद असतं, राज्याच्या जमिनीबद्दल कुणालाही काही विचारायचं तर पहिला माणूस तो. आपल्याला तसा माणूस जिल्ह्याला एक हवा. उतारांची जबाबदारी ज्याच्या नावावर लिहिलेली आहे असा, हाताखाली दोन कनिष्ठ आणि पावसाळ्यात हक्काची गाडी असलेला, आणि ज्याचा अहवाल आल्यावर ठरावीक दिवसांत उत्तर द्यायला प्रशासन बांधील आहे असा.

एक अडचण कामाच्या हंगामाचीही आहे. या संस्थांचा वर्षाचा कार्यक्रम आधी मंडळाच्या बैठकीत ठरतो, राज्याचं वेगळं मंडळ, केंद्राचं वेगळं, म्हणजे दोन खाती एकाच डोंगरावर जाऊ नयेत. शिस्त चांगली आहे. पण क्षेत्रीय काम मुख्यतः पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत होतं. नकाशासाठी ते ठीकच, भिजलेल्या उतारावर कुणी नकाशा करू शकत नाही. भेग मात्र आषाढात पडते. त्या चार महिन्यांसाठी वेगळी माणसं राखून ठेवल्याशिवाय हे जुळायचं नाही.

## "यादीत नाव आलं तर जमीन गेली समजा"

ही भीती खरी आहे आणि तिच्यावर कुणी उघड बोलत नाही. वाडी यादीत गेली तर घर दुरुस्तीला परवानगी मिळेल का, पोराचं लग्न जमेल का, जागेला गिऱ्हाईक येईल का, असे विचार मनात येतात. म्हणून काही ठिकाणी भेग पडली तरी लोक गप्प बसतात. पुनर्वसनाची जागा दूर असते, गोठा नसतो, काजूची बाग मागे राहते. या माणसांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

मी मामाला एवढंच सांगितलं की पाहणी म्हणजे लगेच स्थलांतर नव्हे. पुष्कळ उतारांना चर, गॅबियनची (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली) भिंत, पायथ्याला आधार, पाण्याची वाट एवढं पुरतं. कुठल्या उताराला ते पुरेल आणि कुठल्या उताराला काहीच पुरणार नाही, हे पाहणी झाल्याशिवाय कळत नाही.

## अर्जात काय लिहायचं

अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा, खात्याच्या नावे नको. खातं "आमचं काम नाही" म्हणू शकतं, जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख तसं म्हणू शकत नाहीत. प्रत तहसीलदारांना आणि भूजलच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांना द्या. "वाडीला धोका आहे" एवढंच लिहू नका. भेग किती पावलं लांब, किती बोटं रुंद, कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसली, घरापासून किती अंतरावर, पाझराचं पाणी कधी गढूळ झालं, दारं कधीपासून अडकायला लागली, पायथ्याला कुणी कापलंय का, हे लिहा. मोबाइलमधून जागेचे अक्षांश-रेखांश काढून द्या. फोटोत भेगेत फूटपट्टी किंवा कोयता ठेवा, म्हणजे माप कळेल. पाहणीची मागणी करताना "जागेवरची सविस्तर पाहणी" असे शब्द वापरा, आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायतीला मिळावी हे त्याच अर्जात मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात मागता येते.

बुजवलेल्या भेगेवर आणखी एक गोष्ट करता येते, त्या भूवैज्ञानिक बाईंनीच जाताना दाखवली. ज्या जागी भेग खडकातून किंवा बांधाच्या चिऱ्यांतून जाते तिथे तिच्यावर आडवी सिमेंटची हातभर पातळ पट्टी ओढायची आणि ती सुकायच्या आधी खिळ्याने तारीख कोरायची. जमीन हलली तर माती काही सांगणार नाही, पट्टी तडकेल. तडकली की रात्र असली तरी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

मामाने अशा तीन पट्ट्या ओढल्या आहेत. पावसात तो रोज संध्याकाळी गुरं बांधली की बॅटरी घेऊन वर जातो, पट्ट्यांवरून बोट फिरवून बघतो आणि खाली येऊन मला फोन करतो.